चाळिशी

वय विचारायचं नाही,
हे मला पहिल्याच दिवशी शिकवलं.
वय नाही, जन्मसाल नाही,
नातवंडं किती, हेही सहज म्हणून विचारायचं नाही.
टोलेडोत, नदीकाठच्या या कचेरीत
अकरा वर्षं मी काचकारखान्यासाठी माणसं निवडते
आणि अजून एकालाही
वय विचारलेलं नाही.

आम्ही विचारतो, शाळा कोणत्या साली संपली.
एक खिडकी उघडते,
सालं वरून खाली ओघळतात.
तीस ओळी.
त्याखाली पांढरं.
साल निवडल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही.
यात बेकायदा काय आहे?
यादी आहे. यादी कुठेतरी संपतेच.

एटेल्का वार्गोनं शेवटची ओळ निवडली.
दुसरं काय निवडणार होती?

मुलाखतीला तपकिरी कोट घालून आली,
बाहीचं एक बटण वेगळ्या रंगाचं.
केस उन्हानं पांढरे झालेले नव्हते,
एकतीस वर्षं भट्टीसमोर उभं राहून झाले असतील.
गाड्यांच्या काचा तपासायची ती,
कारखाना बंद पडेपर्यंत.
माझ्या टेबलावरचा ग्लास तिनं उचलला,
नखानं टिचकी मारली, कानाशी धरला.
"याला तडा आहे," म्हणाली.
"दिसायला वेळ लागेल."

ब्रेडन एकोणतीस वर्षांचा, माझा साहेब.
तो नंतर म्हणाला, "चांगली आहे गं, नाडा,
पण उत्साह कसा वाटला तुला?"
उत्साह हा आमचा शब्द आहे.
कागदावर तो कुठेच सापडत नाही,
म्हणून फार उपयोगी पडतो.

या वेळी तोही लागला नाही.
शाळेचा दाखला आला, साल जुळेना.
मी कारण टाइप केलं:
अर्जात चुकीची माहिती.
तीन शब्द, स्वच्छ,
वकिलालाही आवडतील असे.
ते टाइप करताना माझा हात थांबला का?
थांबला असता तर बरं झालं असतं.

आता आयोगाचं पत्र आलंय.
यादी तीस ओळींची कोणी केली?
आमचा वकील म्हणतो, सांग, सॉफ्टवेअरबरोबरच आली.
खरंच आली होती.
फक्त ते बसवणाऱ्या पोरानं फोनवर विचारलेलं,
"किती ओळी ठेवू, मॅडम?"
मी सँडविच खात होते.
तोंडात घास.
तीस, म्हटलं.
वीस म्हणाले नाही, पन्नासही नाही.
कुणाचा द्वेष नव्हता त्यात,
मोहरी जरा जास्त झाली होती, एवढंच आठवतं.

मंगळवारी मला चाळीस पूर्ण झाली.
इथल्या कायद्यालाही चाळिशी लागते,
त्याआधीचं माणूस त्याला दिसत नाही.
आता मी त्याला दिसते.
डोळ्यांच्या डॉक्टरनं त्याच आठवड्यात
मलाही चाळिशी दिली, काळ्या काडीची.
ती लावून पहिल्यांदा वाचलं काय, तर ही यादी.
माझं साल सापडलं.
त्याखाली आठ ओळी उरल्यात.
दर जानेवारीत वर एक साल चढतं
आणि तळातलं एक
आवाज न करता गळून पडतं.
अकरा वर्षं हे माझ्याच पडद्यावर होत होतं.

उद्या जबाब आहे.
आई म्हणते, खरं सांग.
आईला माझ्या घराचा हप्ता ठाऊक नाही.
वकील म्हणतो, विचारतील तेवढंच बोल.
एटेल्का वार्गो समोर बसलेली असेल,
बहुधा त्याच कोटात.

ग्लास अजून फुटलेला नाही.
टेबलावरच असतो, मी त्यातून पाणी पीत नाही.
आज सगळे गेल्यावर
मीही नखानं टिचकी मारली,
कानाशी धरला.

मला काहीच ऐकू आलं नाही.
पुन्हा मारली.